कार्बोरेटरची गाडी इंजेक्शनवर आणावी काय?

बारामतीच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि इंदापुरात पुणे-सोलापूर हमरस्त्याच्या कडेला जी लहानमोठी गॅरेजेस आहेत, त्यांतील मिस्त्री मंडळींकडून आम्हाला अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. जुनी मारुती आठशे, जुनी जिप्सी किंवा प्रीमियर पद्मिनी हौसेने सांभाळणारे गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात येते आणि म्हणते, "मिस्त्री, हिचा कार्बोरेटर काढून टाका आणि नव्या गाडीसारखे इंजेक्शन बसवा. पैशाची काळजी करू नका." पैशाची काळजी करू नका असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचीच काळजी अधिक करावी लागते, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. हे काम घ्यावे की न घ्यावे, घेतले तर कोणत्या क्रमाने करावे आणि मजुरी कशी लावावी, याविषयी थोडे सविस्तर लिहावे असे आम्ही ठरविले आहे.

हा विषय आमच्यासाठी केवळ पुस्तकी नाही. आमच्याकडे १९९७ सालची मारुती आठशे आहे. तिच्यावर हा प्रयोग इंदापुरातील एका स्नेह्यांच्या गॅरेजमध्ये आम्ही स्वतः उभे राहून करून घेतला. त्यात जे नीट झाले ते सांगूच, आणि जे चुकले व अंगाशी येता येता राहिले तेही सांगू.

प्रथम कार्बोरेटर गेला कसा ते पाहू. मारुती आठशे १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली तेव्हा तिला कार्बोरेटरच होता आणि पुढची सोळा-सतरा वर्षे तोच चालला. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशाने मरतो, म्हणून हे आधी होणे आवश्यक होते. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या हवेच्या खटल्यात नव्या गाड्यांसाठी युरोपच्या धर्तीचे नियम लवकर लागू करण्याचा आदेश दिला आणि २००० च्या सुमारास मारुतीच्या गाड्यांवर 'एमपीएफआय' ही अक्षरे दिसू लागली. भारत स्टेज दोनचे नियम पुण्यात २००३ साली आले आणि २००५ साली सर्व देशात. त्यानंतर चारचाकीत कार्बोरेटर शोधूनही सापडेना.

दुचाकीत तो आणखी पंधरा वर्षे तग धरून राहिला. याचे उदाहरण बारामतीकरांच्या दारातच आहे. येथील पियाजिओच्या कारखान्यात २०१२ साली व्हेस्पा स्कूटर तयार होऊ लागली ती कार्बोरेटरची. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाले आणि त्याच कारखान्यातून व्हेस्पा बाहेर पडू लागली ती इंजेक्शनची. म्हणजे ज्या मिस्त्रीने "मी चारचाकी करीत नाही, मला इंजेक्शनशी काय करायचे?" असे म्हणून हा विषय टाळला होता, त्याच्याही दारात इंजेक्शन स्कूटरवर बसून आले आहे.

आता दोहोंत फरक काय तो समजून घेऊ. गॅरेजमध्ये रंगकाम करणाऱ्याची स्प्रे गन सर्वांनी पाहिली आहे. हवा जोराने अरुंद तोंडातून जाते, तिथे दाब कमी होतो, आणि भांड्यातला रंग आपोआप वर ओढला जाऊन हवेबरोबर उडतो. कार्बोरेटर म्हणजे हेच होय. इंजिन हवा ओढते, गळ्यात दाब पडतो, फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून वर येते. त्यात वीज नाही, तार नाही, म्हणून तो स्क्रू-ड्रायव्हर आणि कानाच्या जोरावर दुरुस्त होतो. आमच्या जुन्या उस्तादांचे कान असे होते की गाडी गल्लीत वळताना ते सांगत, तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काळा झाला आहे.

परंतु जेटला पाडलेले भोक एकदा पाडले की पाडले. इंजिनाला एक किलो पेट्रोल नीट जाळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा थंड असली की घट्ट असते, तापली की विरळ होते, डोंगरावर आणखी विरळ होते. बारामतीत उत्तम सेट केलेली गाडी महाबळेश्वरच्या घाटात चढली की गुदमरते आणि काळा धूर सोडते, याचे कारण हेच. तिथे हवा कमी झालेली असते आणि भोक तेवढेच असते. सकाळी थंड इंजिनाला जास्त पेट्रोल हवे म्हणून चोक ओढायचा, आणि ओढलेला चोक परत ढकलायचा विसरलो की दिवसभर पेट्रोल वाया घालवायचे.

इंजेक्शनमध्ये हे अंदाजाचे काम मोजमापाने होते. टाकीतला विजेचा पंप पेट्रोल सुमारे अडीच ते तीन बार दाबाने नळीत भरून ठेवतो. प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी एक इंजेक्टर असतो. डिझेलच्या मिस्त्रींना नोझल ठाऊकच आहे. नाशिकच्या मायको कारखान्याने तो शब्द महाराष्ट्राच्या गावोगाव पोहोचविला. पेट्रोलचा इंजेक्टर त्याचाच धाकटा भाऊ, परंतु तो दाबाने उघडत नाही, विजेच्या इशाऱ्याने उघडतो. किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीएम नावाची पेटी ठरविते. स्लोवर, म्हणजे मिनिटाला साडेआठशे फेऱ्यांवर, क्रँकची एक फेरी सुमारे ७० मिलिसेकंदांत होते आणि त्या अवधीत इंजेक्टर जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद उघडतो. मॅनिफोल्डमधला दाब, हवेचे तापमान, पाण्याचे तापमान, थ्रॉटल किती उघडा आहे आणि क्रँक कुठे आहे, हे निरनिराळे सेन्सर पेटीला कळवितात. सायलेन्सरच्या वाटेवर बसविलेला ऑक्सिजन सेन्सर शेवटी सांगतो की जळणात पेट्रोल जास्त झाले की हवा. त्यावरून पेटी पुढच्या क्षणाचा हिशेब दुरुस्त करते. आमच्या मते सर्व करामत या शेवटच्या सेन्सरची आहे. बाकीचे अंदाज करतात, हा एकटा निकाल पाहून येतो.

ही विद्या फार नवी आहे असेही नाही. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीवर विजेचे इंजेक्शन बसविले होते. आपल्याकडे ते यायला तीस वर्षांहून अधिक काळ गेला, एवढेच.

यात आता आपल्या उसाची भर पडली आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूर तालुक्यातील कर्मयोगी आणि नीरा-भीमा, या सर्व कारखान्यांच्या धुराड्यांखाली राहणाऱ्या लोकांना इथेनॉल म्हणजे काय ते समजावून सांगण्याची गरज नाही. राज्याच्या ऊसपट्ट्यातून निघालेले इथेनॉल तेल कंपन्यांकडे जाते आणि पेट्रोलमध्ये मिसळून आपल्याच पंपावर परत येते. २०२२ साली हे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत गेले, २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्क्यांचे पेट्रोल निवडक पंपांवर सुरू झाले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे. जुन्या कार्बोरेटरच्या दृष्टीने मात्र नाही.

त्याचे कारण असे की इथेनॉलमध्ये प्राणवायू आधीच असतो. एक किलो शुद्ध इथेनॉल जाळायला सुमारे नऊ किलोच हवा लागते. वीस टक्के मिसळलेल्या पेट्रोलला १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास हवा पुरते. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी पाडलेल्या जेटमधून जाणारे मिश्रण सात-आठ टक्के लीन होते. गाडी पिकअपला अडखळते, सकाळी लवकर सुरू होत नाही, इंजिन तापते, सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. महिनाभर उभ्या असलेल्या गाडीचा कार्बोरेटर उघडला तर फ्लोटच्या वाटीत पांढरी भुकटी साचलेली दिसते. ती त्या जस्ताच्या ओतकामाची गंजलेली साय होय. जुने रबर फुगते, निडल व्हॉल्व्हचे टोक मऊ पडते, पंपाचा पडदा आखडतो. इंजेक्शनच्या गाडीत निदान मिश्रणाचा हिशेब तरी ऑक्सिजन सेन्सर सांभाळून घेतो. रबराचा प्रश्न मात्र तिथेही आहेच, हे विसरू नये.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, गिऱ्हाईक इंजेक्शन मागत आले तरी आधी त्याच्या गाडीचे दुखणे काय आहे ते पाहा. दहांपैकी सात-आठ गाड्यांचे दुखणे कार्बोरेटर खोलून स्वच्छ करणे, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा नवा किट आणि नळ्या घालणे, फ्लोटची उंची जुळविणे, मेन जेट एक माप मोठा बसविणे आणि टायमिंग तपासणे एवढ्यावर जाते, असा आमच्या पाहण्यातील अनुभव आहे. त्यासाठी एक दिवस पुरतो आणि गिऱ्हाईक दुवा देते. रोज भाजीची पोती किंवा कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या जुन्या ओम्नीला इंजेक्शन बसविण्यात काही शहाणपण नाही. त्या खर्चात तिच्यापेक्षा नवी, कारखान्यातून इंजेक्शन घेऊनच निघालेली गाडी मिळते. हे काम हौशी माणसाचे आणि शिकू इच्छिणाऱ्या मिस्त्रीचे आहे. आम्ही दोन्ही असल्याने केले.

करायचेच ठरले तर दोन वाटा आहेत. एक वाट अशी की बाजारात मिळणारी स्वतंत्र पेटी घ्यायची, तिला आपल्या आवडीचे सेन्सर जोडायचे आणि लॅपटॉपवर प्रत्येक वेगाचा व प्रत्येक दाबाचा तक्ता स्वतः भरायचा. अमेरिकेत २००१ च्या सुमारास मेगास्क्वर्ट नावाची अशी पेटी हौशी लोकांसाठी निघाली आणि जगभर गाजली. अमेरिकेतील मोठ्या इंजिनांसाठी तर कार्बोरेटरच्याच जागी बसणारी तयार थ्रॉटल बॉडी मिळते. ही वाट मोहाची आहे, परंतु तक्ता चुकला आणि भरधाव गाडीत मिश्रण लीन पडले तर पिस्टनला भोक पडते. ज्याच्याकडे रुंद पट्ट्याचा ऑक्सिजन मीटर आणि महिनाभराची सवड नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

दुसरी वाट आपल्या गॅरेजांना झेपणारी आहे. त्याच जातीच्या इंजिनाची, परंतु इंजेक्शनची, अपघातात मोडलेली गाडी शोधायची आणि तिचे सर्व सामान उचलायचे. मारुती आठशेच्या बाबतीत हे सोपे पडते, कारण कंपनीने हेच इंजिन दोन्ही रूपांत विकले आणि गाडी २०१४ च्या जानेवारीपर्यंत निघत होती. आठशेचे सामान पद्मिनीला बसणार नाही, हे सांगायला हवे का? हवे, कारण तशी मागणी करणारा इसम आम्हाला भेटला आहे.

सर्व सामान म्हणजे सर्व. इनटेक मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर आणि त्यांची रेल, प्रेशर रेग्युलेटर, पंपासकट टाकी, दोन्ही पेट्रोल नळ्या, डिस्ट्रिब्युटर, ऑक्सिजन सेन्सरची जागा असलेला एक्झॉस्ट, एअर फिल्टरची पेटी, रिले, आणि ईसीएमसकट वायरिंगचा संपूर्ण जुडगा. आमची पहिली चूक इथे झाली. पेटी एका गाडीची, जुडगा दुसऱ्या सालच्या गाडीचा आणि डिस्ट्रिब्युटर तिसरीचा असे स्वस्तात जमवून आम्ही आलो. प्लग बसले, पण दोन तारांच्या जागा वेगळ्या निघाल्या आणि तीन आठवडे गाडीने ठिणगी दिली नाही. शेवटी एकाच गाडीचे सामान पुन्हा विकत घ्यावे लागले. नंतरच्या काही मॉडेलांत चावीची ओळख पटल्याशिवाय पेटी इंजिन चालू होऊ देत नाही. तशी गाडी असेल तर चावी आणि चोरीविरोधी युनिटही त्याच गाडीचे हवे. मोडीच्या गाडीवरून जुडगा काढताना कापू नये. प्रत्येक प्लगला चिकटपट्टी लावून नाव लिहावे. एक सबंध दिवस यात जातो, तो वाया गेला असे समजू नये.

बसविण्याचे यांत्रिक काम आपल्या कारागिरांना अवघड नाही. कार्बोरेटरच्या इंजिनावर कॅमशाफ्टच्या धक्क्याने चालणारा पेट्रोल पंप बाहेर लावलेला असतो. तो काढून त्या जागी प्लेट व गॅस्केट लावून भोक बंद करावे. मॅनिफोल्डची तोंडे सपाट आहेत की नाहीत ते पट्टी लावून पाहावे. इथे केसाएवढी फट राहिली तरी पेटीला न मोजलेली हवा आत जाते आणि स्लो वरखाली नाचत राहतो. ऑक्सिजन सेन्सरचा नट एक्झॉस्टवर वेल्डिंग करायचा असेल तर तो तिरपा, वरच्या अंगाला लावावा, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. त्याच्या आधी एक्झॉस्टला कुठेही गळती नको. बाहेरची हवा आत ओढली गेली की सेन्सर फसतो आणि पेटी उगाच पेट्रोल वाढवीत बसते. वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची तार आणि ईसीएमचा प्लग दोन्ही काढून ठेवावेत. एका ठिणगीत पेटी गेली तर मजुरीच्या कितीतरी पट भुर्दंड बसतो.

आणि जुन्या उस्तादांची एक सवय हात जोडून सोडायला सांगतो. गाडी चालू असताना बॅटरीची तार काढून ऑल्टरनेटर चार्ज करतो की नाही ते पाहण्याची सवय. पद्मिनीला ते चालून गेले. इंजेक्शनच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि पेटी जळते. ऑल्टरनेटर मल्टिमीटरने तपासावा. चालू गाडीत साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले की झाले.

मल्टिमीटर हे आता पान्याइतकेच रोजचे हत्यार आहे. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर वीस अंशाला साधारण दोन-अडीच किलो-ओहम दाखवितो आणि ८० अंशाला तीनशे ओहमच्या आसपास उतरतो. गरम पाण्याच्या पातेल्यात धरून पाहिला की खरे-खोटे कळते. इंजेक्टरची गुंडाळी बहुतेक गाड्यांत १२ ते १६ ओहम असते. थ्रॉटलच्या सेन्सरला पाच व्होल्ट येतात आणि पॅडल सावकाश दाबले की त्याचा आकडा कुठेही न अडखळता चढला पाहिजे. ऑक्सिजन सेन्सर तापल्यावर ०.१ ते ०.९ व्होल्ट यांमध्ये सतत हेलकावे खातो. तो एका जागी थिजला तर सेन्सर मेला किंवा मिश्रण हाताबाहेर गेले. अर्थिंगच्या तारा इंजिनाच्या स्वच्छ घासलेल्या लोखंडावरच आवळाव्यात. रंगावर किंवा गंजावर आवळलेली एक अर्थिंग आम्हाला चार दिवस नाचवीत होती.

आता जे अंगाशी येणार होते ते सांगतो. गाडी सुरू झाल्याच्या आनंदात आम्ही ती इंदापूरहून निमगाव केतकीच्या दिशेने नेली. पाच-सहा किलोमीटरवर पेट्रोलचा वास आला. गाडी कडेला घेताना इंजिन बंद पडले, म्हणून आम्ही चावी तशीच ठेवून उतरलो आणि बॉनेट उघडले. पाहतो तो रेलजवळची नळी चिरलेली आणि पेट्रोलची बारीक धार गरम एक्झॉस्टच्या अंगावर. इंजिन बंद, तरी धार चालूच! सोबतच्या पोराने धावत जाऊन चावी फिरविली तेव्हा ती थांबली. आग लागली नाही ती केवळ नशिबाने.

नंतर उलगडा झाला तो असा. नळी ज्या दुकानातून आणली तिथे आम्ही इंजेक्शनची नळी मागितली होती. मिळाली ती कार्बोरेटरची साधी नळी, आणि तिच्यावरची अक्षरे आम्ही वाचली नाहीत. कार्बोरेटरच्या पंपाचा दाब पाव बारच्या आसपास असतो, इंजेक्शनचा त्याच्या दहापट. ही झाली अर्धी चूक. उरलेली अर्धी वायरिंगची. रीतीप्रमाणे चावी फिरविली की पेटी पंपाला दोन-तीन सेकंद चालविते आणि इंजिन फिरत नाही असे दिसले की रिले तोडून पंप बंद करते. आमच्या वायरमनला तो रिले साधेना, म्हणून त्याने पंपाची तार सरळ चावीला जोडून दिली होती. गाडी चालली, म्हणून कोणी पाहिले नाही. अशा जोडणीच्या गाडीला अपघात झाला, नळी तुटली आणि चालक बेशुद्ध पडला, तर पंप पेट्रोल ओततच राहील. म्हणून पंपाची तार पेटीच्या रिलेमधूनच न्यावी, स्वतंत्र फ्यूज घालावा, जास्त दाबाचीच नळी व तिच्याच जातीचे क्लिप वापरावेत. गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी चावी चालू आणि इंजिन बंद अशा स्थितीत पंप थांबतो की नाही ते कान लावून ऐकावे. हे तपासल्याशिवाय गाडी दाराबाहेर काढू नये. शेजारी आग विझविण्याचे नळकांडे असावे.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी-पुस्तकातील तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाचा कडक अर्थ लावला. आपल्या इंजिनाचा ब्लॉक तोच ठेवून त्यावर इंजेक्शनचे सामान लावले तर इंजिन नंबर, घनफळ आणि इंधन बदलत नाही. मोडीच्या गाडीचे सबंध इंजिनच उचलून बसविले तर नंबर बदलतो आणि परवानगीविना ते करणे सरळ गुन्ह्याकडे जाणे आहे. दोन्ही बाबतींत काम सुरू करण्यापूर्वी बारामतीच्या आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावे आणि विमा कंपनीलाही कळवावे. एमएच ४२ च्या पाटीची गाडी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिथेच तपासणीला न्यावी लागते. त्या दिवशी निरीक्षकासमोर कागद दाखविता आला पाहिजे.

मोडीचे सामान घेताना पावती घ्यावी, आणि त्या पावतीवर मोडीच्या गाडीचा नंबर लिहून घ्यावा. चोरीच्या गाड्यांच्या पेट्या बाजारात येतात हे उघड गुपित आहे. चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणे हा गुन्हा आहे, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली येतो. पोलीस दारात आले तर "मला ठाऊक नव्हते" असे म्हणणाऱ्या कारागिराजवळ पावती नसेल, तर त्याचे कोण ऐकणार? चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण ज्याच्या दुकानावर पाटी आहे आणि जो बिल देतो त्याच्याकडूनच घ्यावे.

राहिला मजुरीचा प्रश्न. या कामाला ठोक रक्कम सांगण्याची चूक करू नये. क्लच प्लेट बदलायला किती वेळ लागतो हे ठाऊक असते, इथे एक तार तीन दिवस खाते. सामान गिऱ्हाइकाच्या खर्चाने व त्याच्या नावाच्या पावतीने आणावे, मजुरी दिवसावर ठरवावी, आणि काम सुरू करण्यापूर्वी साध्या कागदावर चार ओळी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. जुने सामान कोणाचे, गाडी उभी राहिली तर जागेचे भाडे किती, सेन्सर जळाला तर कोणी भरायचा, हे त्यात यावे. ओळखीच्या गिऱ्हाइकाकडून सही मागायला आपल्या लोकांना संकोच वाटतो. परंतु आमच्या पाहण्यातील दोन मैत्र्या अशाच एका न लिहिलेल्या हिशेबाने तुटल्या आहेत.

वर्षातून अशी एखादी गाडी येईल, तिच्यावर गॅरेज चालणार नाही. पण ती एक गाडी उघडून बसविताना शागीर्द जे शिकतो त्यावर पुढे गॅरेज चालते. रोज येणाऱ्या स्कूटर, रिक्षा आणि गाड्यांत तेच सेन्सर आहेत. पेटलेला चेक इंजिनचा दिवा पाहून "कंपनीत न्या" असे सांगणारा मिस्त्री स्वतःचे गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने घालवीत असतो. एक चांगला मल्टिमीटर, पेट्रोलचा दाब पाहण्याचा गेज आणि साधा स्कॅनर, एवढ्या तीन वस्तूंनी सुरुवात होते. तिन्ही एकदम घेणे जमत नसेल तर याच क्रमाने घ्याव्यात. स्कॅनर फक्त कोणत्या खोलीत चोर आहे ते सांगतो, चोर मल्टिमीटरनेच धरावा लागतो. स्कॅनरने सेन्सरचे नाव दाखविले म्हणून सेन्सर बदलणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील निम्म्या वेळा दोष तारेत असतो. घरातल्या मुलाला कल असेल तर त्याला आयटीआयच्या मोटार मेकॅनिक शाखेत अवश्य घालावे. तिथे विजेचे प्राथमिक नियम पक्के होतात, जे गॅरेजमध्ये शिकवायला कोणाला सवड नसते.

आमची आठशे आता सकाळी चावी फिरविताच सुरू होते. चोकची दांडी डॅशबोर्डवर तशीच ठेवली आहे, ती कशालाच जोडलेली नाही. ॲव्हरेज लिटरमागे किलोमीटर-दीड किलोमीटरने वाढले, त्याहून जास्त नाही. घातलेला पैसा त्यातून आमच्या हयातीत फिटणार नाही. पीयूसीच्या यंत्रावर मात्र फरक लगेच दिसला. तिच्या सालाच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे आणि पूर्वी काटा तिच्या आसपास घोटाळत असे. आता तो भारत स्टेज दोनच्या गाड्यांच्या अर्ध्या टक्क्याच्या मर्यादेतही बसतो. काढलेला कार्बोरेटर आम्ही साफ करून, तेलाचा हात फिरवून, फडक्यात बांधून गॅरेजच्या फळीवर ठेवला आहे. ज्या पोराने त्या दिवशी धावत जाऊन चावी फिरविली होती, त्याच्याकडे गेल्या महिन्यात भवानीनगरहून एक व्हेस्पा आली. स्लोवर बंद पडत होती, दोन ठिकाणी फिरून आली होती. त्याने मल्टिमीटर लावला, वीस मिनिटांत प्लगमधली सुटलेली तार शोधली आणि आपली मजुरी घेतली.